पहिलीच वेळ

वकीलबाई: पहिलीच वेळ, असं तुम्ही मला सांगितलंत. मी कोर्टापुढं उभी राहून सांगितलं, पहिलीच वेळ. आणि सरकारी वकील शांतपणे उठले आणि म्हणाले, यांना आधी एकदा शिक्षा झालेली आहे. माझं तोंड बघितलंत तेव्हा?

सून: बघितलं, मॅडम.

वकीलबाई: डॉक्टरपासून आणि वकिलापासून काही लपवू नये म्हणतात. तुमच्या मिस्टरांना दोषी तर सकाळीच ठरवलं. आता जेवणाची सुट्टी संपली की शिक्षा किती, एवढंच उरलंय. आणि हे मला आत्ता कळतंय.

सून: लपवलं नाही हो. शप्पथ. ते मिटलं होतं, म्हणून बोलले नाही. दंड भरून घरी आलो होतो आम्ही.

वकीलबाई: दंड म्हणजे शिक्षाच असते, वहिनी.

सून: शिक्षा म्हणजे आत जाणं ना? हे आत कुठं गेले होते? सकाळी कोर्टात, दुपारी दुकानात. तेव्हाचे वकील म्हणाले, कबूल करा, दंड भरा, विषय संपला. वाचनालयाचं पुस्तक उशिरा दिलं की भरतो ना आपण, तसं वाटलं आम्हाला. म्हणून कुणी जन्मभर चोर म्हणतं का?

वकीलबाई: कबूल केलं, कोर्टानं दोषी धरलं, दंड केला. झाली शिक्षा. ती आपोआप पुसली जात नाही.

सासरे: अहो बाई, ही बिजागरी ऐका जरा. तेल मागतेय.

सून: बाबा, बसा तुम्ही. ते कोर्टाचं दार आहे.

सासरे: कुणाचं का असेना. कुरकुरतंय.

वकीलबाई: हे तुमचे सासरे? यांना कशाला आणलंत आज?

सून: कुठं ठेवू? शेजारीण सांभाळायची, आज तिनंही हात टेकले. घरात कोंडून यावं तर कुठलंही कुलूप आतून उघडून रस्त्यावर. आयुष्यभर कुलपांचंच काम केलंय. आमचे हे त्यांच्याच हाताखाली शिकले. डोकं गेलंय बाबांचं, हात नाही गेले.

सासरे: हातांना काय होतंय.

वकीलबाई: बरं. आता मला नीट सांगा. या वेळचं माहीत आहे. एक बाई रडत दुकानात आली, नवऱ्यानं घराबाहेर काढलं म्हणाली, तुमच्या मिस्टरांनी जाऊन दार उघडून दिलं, आणि बाई त्याचं कपाट साफ करून पसार झाली. ते घर तिचं राहिलंच नव्हतं.

सून: पायात चपलासुद्धा नव्हत्या तिच्या. कुणाला खोटं वाटेल?

वकीलबाई: चावीवाल्यानं चौकशी करायला हवी होती. निदान शेजारी विचारायचं.

सून: हवी होती. मी रोज तेच म्हणते. रडणारं माणूस दिसलं की हे काही विचारतच नाहीत, पिशवी उचलतात आणि चालायला लागतात. हा गुन्हा त्यांचा, मला मान्य आहे. याची काय ती शिक्षा द्या म्हणावं. पण आधीचा त्यांचा नव्हताच.

वकीलबाई: म्हणजे?

सून: आधीचा बाबांचा होता.

वकीलबाई: हळू बोला.

सून: आता हळू काय आणि जोरात काय. बाबांचं तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. आम्हाला वाटायचं, वय झालंय, विसरतात. एका घरी फार वर्षांपूर्वी त्यांनी कुलूप बसवलं होतं. एक दिवस मनानं घेतलं की ते काम अर्धं राहिलंय. उठले, हत्यारं घेतली, गेले. घरात कुणी नव्हतं. दार उघडलं, कुलूप काढलं, आणि त्या लोकांच्या बैठकीच्या खोलीत कागद पसरून ते साफ करत बसले. घरची माणसं आली तर त्यांनाच म्हणतात, पाणी द्या, झालंच आहे.

वकीलबाई: अरे देवा.

सून: हसू येतं ना? मलाही आधी आलं होतं. पण त्या लोकांनी पोलीस बोलावले. हे धावत पोचले तेव्हा बाबांचे हात मागं बांधलेले आणि विजार ओली. चार माणसं बघतायत. हे तिथल्या तिथं म्हणाले, दार मी उघडलं, बाबा माझ्या मागून आले. बाबांना सोडलं, ह्यांना धरलं.

वकीलबाई: आणि त्या घरच्यांनी ऐकून घेतलं?

सून: त्यांना कुणीतरी हवं होतं. म्हाताऱ्यापेक्षा तरणा बरा.

वकीलबाई: तेव्हा बाबांना नुसतं डॉक्टरकडं नेलं असतं ना, तर केसच उभी राहिली नसती. आपण काय करतोय हे ज्याला कळत नाही, त्याचा तो गुन्हा कायदा धरत नाही. तुमचे मिस्टर ज्या शिक्षेतून बाबांना वाचवायला गेले, ती बाबांना होणारच नव्हती.

सून: हे आत्ता सांगताय.

वकीलबाई: तेव्हा मी नव्हते, वहिनी.

सून: कुणीच नव्हतं. मग आता सांगा ना आत. खरं काय ते उभं राहून सांगा.

वकीलबाई: आजच्या कोर्टाला जुना निकाल उकरता येत नाही. तो फिरवायचा तर वरच्या कोर्टात जायचं, आणि त्याची मुदत केव्हाच गेली. तरी खटपट करता येते, पण ती आज दुपारी होत नाही. शिवाय पहिला प्रश्न येईल, तेव्हा कोर्टापुढं खोटं का बोललात?

सून: म्हणजे खोटं बोललो ते खरं धरलं, आणि खरं बोललो तर खोटे ठरणार.

वकीलबाई: कायद्यात माणसांचे कप्पे असतात. पहिल्यांदा चुकला, तर चांगल्या वागणुकीची हमी घेऊन घरी सोडता येतं. मी तेच मागणार होते, आणि मिळालंही असतं. दुसऱ्यांदा चुकला, त्यातून दोन्ही वेळा दुसऱ्याच्या घराचं दार उघडलं, तर त्याला समज देऊन सोडत नाहीत. कोर्ट म्हणतं, एकदा सांगून कळलं नाही.

सून: सरकारी वकील सराईत म्हणाले ह्यांना. सगळ्यांसमोर.

वकीलबाई: ते त्यांनी वाढवून सांगितलं. सराईत ठरायला दोन पुरत नाहीत, तो आणखी पुढचा कप्पा. पण दुसऱ्यांदा म्हणजे दुसऱ्यांदाच.

सून: आणि दुसऱ्याची पहिली वेळ ज्यानं आपल्या डोक्यावर घेतली, त्याला कुठला कप्पा?

वकीलबाई: नाही तसा कप्पा.

सून: मग ती जुनी माझ्या नावावर घाला. थट्टा नाही करत, मॅडम. मी सांगते, ते दार मी उघडलं होतं. माझ्या नावावर अजून एकही नाही. मला एक चालेल.

वकीलबाई: वेडेपणा करू नका. शिक्षा म्हणजे विजेचं मीटर नाही, नाव बदलून घ्यायला.

सून: वेड लागायचंच बाकी आहे. दुकान मी चालवीन. चाव्या कापता येतात मला. पण बाबा माझ्या हातून घासभर खात नाहीत. आंघोळीला हात लावू देत नाहीत, परकी बाई म्हणून लाजतात. ह्यांनाही ओळखत नाहीत, वर्ष झालं, मिस्त्री म्हणतात. पण त्या मिस्त्रीचं ऐकतात. हे आत गेले तर मी त्यांना उपाशी बघायचं, की मारायचं? परवा हात उचलला होता मी. उचलला आणि खाली घेतला. पुढच्या वेळी खाली येईल की नाही, माझं मला माहीत नाही.

वकीलबाई: बसा. पाणी प्या आधी.

सून: मला पाणी नको. नवरा हवाय माझा.

वकीलबाई: एक वाट आहे. शिक्षा ठरवताना घरची परिस्थिती बघतात. घरी सोडता येत नसलं तरी शिक्षा कमी करणं न्यायाधीशांच्या हातात असतं. मनात आलं तर कोर्ट उठेपर्यंतची कैदसुद्धा देतात. म्हणजे आजचं कामकाज संपेपर्यंत कोर्टात बसून राहायचं, संध्याकाळी घरी.

सून: संध्याकाळी घरी?

वकीलबाई: मिळेलच असं नाही. क्वचित देतात. पण या न्यायाधीशांचे स्वतःचे वडील अंथरुणाला खिळलेत, हे सगळ्या कोर्टाला माहीत आहे. बाबांना पुढच्या बाकावर बसवायचं. बोलायचं मी. बाबांनी नुसतं दिसायचं, तोंड उघडायचं नाही. जुन्या केसचा तर शब्दही नको.

सून: बसवते ना. हलणारसुद्धा नाहीत.

वकीलबाई: आधी तुमच्या मिस्टरांना विचारून येते. खाली कोठडीत आहेत. अशील ते आहेत, तुम्ही नाही. इथंच थांबा, आणि त्या बिजागरीपासून यांना लांब ठेवा.

सून: बाबा, इकडं या. माझ्याकडं बघा.

सासरे: बोला बाई. कुठलं कुलूप आहे?

सून: मी गिऱ्हाईक नाही, बाबा. मी सून तुमची.

सासरे: असं होय. लग्न कधी झालं?

सून: झालं केव्हाच. तुम्ही नाचला होतात.

सासरे: मी? मला नाही वाटत.

सून: बरं, नव्हता नाचला. मला सांगा, ते हिरवं दार आठवतं? तुम्ही कुलूप काढून साफ करत बसला होतात?

सासरे: हिरवं दार. हो. आतली स्प्रिंग हलकी घातली होती कुणीतरी. मला रुखरुख होती.

सून: ते दार कुणी उघडलं?

सासरे: मी. आणखी कोण उघडणार?

सून: शाबास. पुन्हा सांगा. दार कुणी उघडलं?

सासरे: मी उघडलं.

सून: आत मोठे साहेब असतील. त्यांनी विचारलं तर एवढंच म्हणायचं. मी उघडलं. दुसरं काही नाही. म्हणा.

सासरे: त्या बाई तर म्हणाल्या, तोंड उघडायचं नाही.

सून: हे बरं लक्षात राहिलं तुमच्या. त्यांचं सोडा, माझं ऐका. दार कुणी उघडलं?

सासरे: माझं काही चुकलं का?

सून: नाही चुकलं. कुणी उघडलं?

सासरे: तुम्ही ओरडताय म्हणून विचारतो. कुलूप बिघडलं असेल तर मी परत येऊन बघतो, त्यात काय. कामाची हमी असते आपली.

सून: नाही हो ओरडत. ओरडले, चुकलं माझं. डोळे पुसा, लोक बघतायत. हे घ्या, माझा रुमाल घ्या. आता शांतपणे, एकदाच. दार कुणी उघडलं, बाबा?

सासरे: मी.

सून: हं. असंच.

वकीलबाई: नको म्हणतात ते.

सून: काय नको?

वकीलबाई: बाबांना कोर्टात आणायचं नाही. मी पुष्कळ समजावलं. कोर्ट उठेपर्यंतचंही सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाबांना एकदा लोकांच्या मध्ये तसं उभं बघितलंय, पुन्हा बघायचं नाही. तिला म्हणावं, त्यांना घेऊन घरी जा, मी माझं बघून घेतो.

सून: काय बघून घेतात? आत गेल्यावर काय असतं बघून घ्यायला? तिथं वेळेवर ताट येईल, वेळेवर दिवा मालवेल. बघायचंय ते सगळं घरी आहे, माझ्यापाशी.

वकीलबाई: त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

सून: चांगला माहीत आहे. लोक श्रावणबाळ म्हणतात. श्रावणबाळानं कावड स्वतःच्या खांद्यावर घेतली होती, मॅडम. बायकोच्या खांद्यावर ठेवून निघून नव्हता गेला.

वकीलबाई: वहिनी, अशिलानं नको म्हटलं की मी बाबांचं नाव पुढं करू शकत नाही.

सून: तुम्ही नका करू. कोर्टात बसायला कुणाची परवानगी लागते?

वकीलबाई: बसायला नाही लागत. कुणीही बसावं.

सून: मग आम्ही बसतो. सासरा आणि सून, पुढच्या बाकावर. साहेबांना डोळे आहेत, त्यांचे ते बघतील.

वकीलबाई: मी तुम्हाला अडवू शकत नाही. खरं सांगायचं तर अडवावंसं वाटतही नाही. पण यांना बोलू देऊ नका. काहीही झालं तरी.

सून: नाही देत.

(निकाल लागून गेल्यावर. तोच व्हरांडा, तेच बाक.)

वकीलबाई: न्यायाधीश विरघळत होते, वहिनी. तुम्ही बघितलंत ना, त्यांनी लिहायचं थांबवलं होतं. बाबांकडं बघून म्हणाले, पाणी हवं का यांना? इतक्या वर्षांत आरोपीच्या घरच्यांना पाणी विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

सून: त्यांनीच विचारलं. आजोबा, तुम्हाला काही सांगायचंय का?

वकीलबाई: मायेनं विचारलं होतं. हात जोडून गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. तुम्ही कोपरानं ढोसलंत त्यांना. मी पाहिलं.

सून: मी म्हटलं, बाबा, दार कुणी उघडलं ते सांगा.

वकीलबाई: का?

सून: कारण ते खरं होतं. मला वाटलं, एकदा खरं ऐकलं की साहेबांना कळेल. जुनी वेळ गळून पडेल आणि हे पहिल्या कप्प्यात जातील. मी घोकून घेतलं होतं त्यांच्याकडून. दरवेळी मी, मी, असंच म्हणाले. आणि आत उभे राहिले, पिंजऱ्यात ह्यांना बघितलं आणि चेहराच बदलला त्यांचा.

वकीलबाई: हा माझा मुलगा, म्हणाले. यानं उघडलं.

सून: मी शिकवलंय याला, म्हणाले. एक ओरखडा येऊ देत नाही.

वकीलबाई: तेवढ्यावर थांबले असते तरी मी सावरून घेतलं असतं. हे एकच कशाला, म्हणाले, या भागातली निम्मी दारं उघडलीत यानं, कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. सरकारी वकिलांना उठावंही लागलं नाही. बसल्या बसल्या लिहून घेतलं.

सून: मी घातलं त्यांना आत. माझ्या हातानं.

वकीलबाई: जुनी शिक्षा होतीच. ती नसती तर यातलं काहीच घडलं नसतं.

सून: उगाच समजूत घालू नका. संध्याकाळी घरी आले असते ते.

वकीलबाई: कदाचित. मी क्वचित म्हणाले होते.

सून: दीड वर्ष.

वकीलबाई: अपील करू. या वेळी बाबांची डॉक्टरांकडून तपासणी करून घेऊ, जुन्या केसचंही त्यातच मागू. वेळ लागेल, पण करू. उद्यापासूनच लागते मी कामाला.

सून: ह्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शिक्षा वाचत होते तेव्हा बाबांकडं बघत होते. पोलिसानं हाताला धरलं तरी मान तिकडंच. मला इतका राग आला त्यांचा, मॅडम. अजून आहे.

वकीलबाई: नेताना बोलले माझ्याशी. निरोप आहे.

सून: शिव्या घातल्या असतील.

वकीलबाई: म्हणाले, तिला बोल लावू नका, तिच्या जागी मी असतो तर मीही आणलं असतं. आणि विचारत होते, बाबा 'माझा मुलगा' म्हणाले ते कोर्टाच्या कागदात येतं का?

सून: येतं?

वकीलबाई: आलंय. सगळं उतरवून घेतात.

सून: काय माणूस आहे. काय माणूस आहे हा. दीड वर्षाचं ऐकून हे विचारतो.

वकीलबाई: मी येते उद्या घरी. रिक्षा बघून देऊ का?

सून: नको. चालतच जातो. थकले तर आज जेवतील तरी माझ्या हातचं.

सासरे: निघायचं का? इथलं काम झालं ना?

सून: झालं, बाबा.

सासरे: मी बोललो ते बरं होतं का?

सून: हात द्या. पायऱ्या आहेत.

सासरे: पोराची तारीफ त्याच्या तोंडावर करू नये. चढतात पोरं. मी कधी केली नव्हती. आज म्हटलं, मोठी माणसं बसलीत, विचारतायत, तर करावी.

सून: बरं केलंत.

सासरे: त्यानं ऐकलं ना?

सून: ऐकलं.

सासरे: काय म्हणाला?

सून: काही नाही. हसले.